कार्यात्मक संवाद प्रशिक्षण

मारणे, चावणे, वस्तू फेकणे यांतून मूल जे मिळवू पाहते, तेच मागण्याची सोपी रीत त्याला शिकवण्याची पद्धत. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) विद्यार्थ्यांच्या आक्रमक वर्तनावरील शालेय उपायांत ती महत्त्वाची मानली जाते. पुराव्याने सिद्ध झालेल्या २८ पद्धतींची जी यादी २०२० मध्ये अमेरिकेत निघाली, तीत तिचा समावेश आहे.

आधी वर्तनाचा हेतू शोधावा लागतो. प्रसंगापूर्वी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, याची नोंद शिक्षक काही दिवस ठेवतात. लक्ष वेधणे, नको असलेले काम टाळणे, हवी ती वस्तू मिळवणे किंवा संवेदनांची गरज भागवणे, असा हेतू बहुधा निघतो. गणिताच्या तासाला शेजाऱ्याला चावणाऱ्या मुलाला बाहेर बसवले की गणित टळते. म्हणजे शाळेच्या लेखी जी शिक्षा, ती मुलाच्या लेखी सुटका. वर्तन अचानक बदलले असेल, तर दात, कान किंवा पोट दुखत नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावे.

एडवर्ड कार व मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये विकासात्मक अडचणी असलेल्या चार मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काम अवघड वाटल्यास ‘मला समजत नाही’ आणि लक्ष हवे असल्यास ‘मी नीट करतोय ना?’ असे म्हणायला त्यांना शिकवले. हेतूला जुळणारे वाक्य मिळाले तेव्हा त्रासदायक वर्तन घटले. न जुळणाऱ्या वाक्याने फरक पडला नाही. म्हणजे नुसते बोलायला शिकवून भागत नाही.

न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रकार्ड, खुणा किंवा टॅब चालतो. ‘थांबायचंय’ हे कार्ड देणे मारण्यापेक्षा सोपे हवे आणि सुरुवातीला प्रत्येक वेळी लगेच मानले जायला हवे. थोडा वेळ वाट पाहायला नंतर हळूहळू शिकवतात. मारून पूर्वीसारखी सुटका होईनाशी झाली की काही काळ मारणे वाढू शकते. नेमके तेव्हाच पद्धत फसली असे समजून ती सोडून दिली जाते. या दिवसांत इतरांच्या सुरक्षेची तयारी आणि सोबतीला आणखी एक मोठे माणूस लागते. पटसंख्या मोठी आणि बाई एकट्याच, अशा वर्गात हे अवघडच.

भारतात शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. वर्तन बदलण्याचे असे उपचार मुलांना केवळ आज्ञाधारक बनवतात, अशी टीका अनेक स्वमग्न प्रौढ करतात. मुलाचा नकार ऐकून घेतला जात असेल, तोवर ही टीका या पद्धतीला कमी लागू पडते. कार्ड दाखवूनही काम पुरे करायला लावले, तर पुरती लागू पडते.