उंची मोजायची कुठून?

28 मे 1999 रोजी कारगिलमधल्या तोलोलिंगवर रॉकेटचा मारा करायला गेलेले हवाई दलाचे एमआय-17 हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडले. आतले चौघेही शहीद झाले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर, म्हणजे क्षेपणास्त्राला चकवणारे जळते आमिष, सोडण्याची सोय नव्हती, हे कारण नेहमी सांगितले जाते. ते खरेच आहे, पण दुसरे कारण भूगोलात आहे.

स्टिंगर नळीसकट जेमतेम 15 किलोचे, दीड मीटर लांब. पल्ला साडेचार किलोमीटरच्या पुढे, उंचीची मर्यादा साडेतीन किलोमीटरच्या आसपास. ही उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, डागणाऱ्याच्या पायापासून मोजायची. मैदानी मुलखात चार किलोमीटरवरून उडणारे यंत्र सुरक्षित. कारगिलची शिखरे मात्र साडेचार-पाच हजार मीटरची आणि डागणारा शिखरावर! त्याच्या टप्प्याबाहेर जायला समुद्रसपाटीपासून आठ किलोमीटर वर चढावे लागते. एमआय-17 सहा किलोमीटरलाच दमते.

क्षेपणास्त्राचा शोधक उष्णता पाहतो. जुन्या पिढीच्या शोधकाला फक्त तापलेला धातू दिसे, म्हणून मागूनच नेम धरावा लागे. नव्या शोधकातला संवेदक डागण्याआधी आर्गॉन वायूने अतिथंड करतात. मग त्याला इंजिनातून निघालेल्या धुराच्या झोतातला तप्त कार्बन डायऑक्साइडही दिसतो आणि समोरून येणारे हेलिकॉप्टरही टिपता येते. थंडावा आणि वीज पुरवणारा डबा साधारण 45 सेकंदच चालतो. तेवढ्यात डागले नाही, तर नवा डबा लावायचा.

फ्लेअर म्हणजे मॅग्नेशियमच्या मिश्रणाची, काही सेकंद जळणारी कांडी. ती इंजिनापेक्षा कितीतरी प्रखर असते आणि तिथेच तिचे बिंग फुटते. स्टिंगरच्या नंतरच्या आवृत्त्या अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या, किरणांसोबत अतिनील किरणेही पाहतात. दोन्हींचे प्रमाण जुळले नाही की फसवणूक उघड. ब्रिटनचे स्टारस्ट्रीक तर उष्णता पाहतच नाही, लेसरच्या झोतावर स्वार होऊन येते. त्याच्यापुढे फ्लेअर म्हणजे दिवाळीतला फुलबाजा.

धुरात थंड हवा मिसळून तो निववणारी नळकांडी इंजिनावर बसवता येतात. पण ती थोडी शक्ती खातात, आणि विरळ हवेत नेमकी शक्तीचीच चणचण असते. वैमानिकाच्या हाती वेळही फारसा नसतो: क्षेपणास्त्र ध्वनीच्या दुपटीहून वेगवान, म्हणजे तीन किलोमीटर पाच-सहा सेकंदांत. एवढ्यात डोळ्यांनी धूर पाहून निर्णय घेणे अवघडच. म्हणून आता हेलिकॉप्टरवर क्षेपणास्त्राच्या ज्वाळेतली अतिनील किरणे टिपणारे संवेदक असतात आणि फ्लेअर आपोआप सुटतात.

कारगिलमध्ये मात्र एमआय-17 हल्ल्याच्या कामातून काढून घेतली गेली. लढाऊ विमानांना स्टिंगरच्या टप्प्याबाहेर वर राहूनच बॉम्ब टाकावे लागले. तिथून साध्या बॉम्बचा नेम चुके. 24 जूनला टायगर हिलवर मिराज-2000 विमानांनी लेसरने दिशा दिलेले बॉम्ब टाकले, ते याच उंचीची भरपाई म्हणून.