मशीनचा भाव एकीकडे ठरतो, मशीनचे पैसे दुसरीकडून येतात

औशाकडच्या एका खेड्यातल्या आजी. सगळं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं, आता दम लागतो. चार दिवस दवाखान्यात होत्या, सरकारी योजनेतून. तिथं दिवसातून तीनदा वाफ दिली, दम बसला, घरी सोडलं. सुट्टीच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं की घरी वाफेचं मशीन, म्हणजे औषधाची वाफ देणारं नेब्युलायझर, घ्या. तो कागद आणि आयुष्मान कार्ड घेऊन त्यांचा मुलगा माझ्या मेडिकलवर आला. मी मशीनचा भाव सांगितला, तसं त्यानं कार्ड पुढं सरकवलं. "भाऊ, मशीनचा भाव सरकारनं बांधलाय म्हणत्यात. मंग कार्डावरच घ्या की."

त्याचं काही चुकलं नव्हतं. 'सरकारनं भाव बांधला' आणि 'सरकार पैसे देतं' ही दोन वाक्यं आपल्याकडं एकाच दमात बोलली जातात. लातूर, बीड, नांदेड, परभणी, कुठंही जा, हाच घोळ आहे. घोळामुळं माणसं खेटे घालतात, कधी उपचारच अर्धवट सोडतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाव बांधायचं काम दिल्लीत होतं. राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, 1997 पासून हे काम करतं. 2013 चा औषध किंमत नियंत्रण आदेश हा त्याचा आधार. सगळ्यात गाजलेला निर्णय फेब्रुवारी 2017 चा. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधी लेपाच्या स्टेंटची छापील किंमत तोवर सरासरी सव्वा लाखाच्या आसपास होती, ती 29,600 रुपयांवर बांधली. साध्या धातूच्या स्टेंटची 7,260 वर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांचा नंबर लागला. हे झालं दवाखान्यात आत बसवायच्या वस्तूंचं. घरी वापरायच्या मशीनची पाळी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आली. जुलै 2021 मध्ये पाच वस्तूंच्या व्यापारी नफ्यावर मर्यादा घातली: ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन, वाफेचं मशीन, डिजिटल थर्मामीटर आणि शुगरचं मशीन. त्याआधी वितरकाला पडणारा भाव आणि पाकिटावरची एमआरपी यांतला फरक काही वस्तूंत 709 टक्क्यांपर्यंत गेला होता. हा आकडा खुद्द सरकारनं दिलेला आहे. तो 70 टक्क्यांवर आणला.

तेव्हाचा हिशोब असा. शुगरचं मशीन वितरकाला 800 रुपयांना पडलं असेल, तर त्यावर जास्तीत जास्त 560, म्हणजे 1,360. वर जीएसटी. तेव्हा तो 12 टक्के होता, म्हणजे एमआरपी 1,523 च्या वर जायला नको होती. 22 सप्टेंबर 2025 पासून शुगरच्या मशीनवर आणि पट्ट्यांवर जीएसटी 5 टक्के झाला, म्हणजे तीच मर्यादा धरली तर 1,428. एमआरपीच्या खाली कितीही कमी घ्यायला दुकानदार मोकळा आहे, वर एक रुपयाही घेता येत नाही. एमआरपीत कर धरलेलाच असतो, म्हणून 'वर जीएसटी लागंल' असं कुणी म्हणालं तर देऊ नका.

उरलेल्या उपकरणांचं काय? 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्यानं औषधांत मोडतात. त्यामुळं ज्यांचा भाव बांधलेला नाही, त्यांचीही एमआरपी 12 महिन्यांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पण पहिली एमआरपी किती छापायची, यावर तिथं लगाम नाही.

या सगळ्यात सरकार तुमच्या वतीनं एक रुपयाही भरत नाही. विकणाऱ्याचा हात रोखतं, एवढंच. जनऔषधी केंद्राचंही तसंच. तिथं स्वस्त मिळतं, फुकट नाही. तिथंही कार्ड पुढं करणारी माणसं मी पाहिली आहेत.

पैसे देणारी यंत्रणा निराळी. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मराठवाड्यातला नांदेड होता. तीच पुढं महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाली आणि केंद्राच्या आयुष्मान भारतला जोडली गेली. तिचं काम पॅकेजवर चालतं. एका उपचाराला एक ठरलेली रक्कम, ती थेट दवाखान्याला. खाट, ऑपरेशन, औषध, जेवण आणि लागेल ते उपकरण त्यातच. अँजिओप्लास्टी योजनेतून झाली तर स्टेंटचे वेगळे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. आणि तीच अँजिओप्लास्टी पदरच्या पैशानं केली, तर सरकारनं बांधलेला भाव कामाला येतो. दवाखान्यानं बिलात स्टेंट वेगळा दाखवायचा असतो, तो बघून घ्यावा. एकच स्टेंट, पण एकाला पॅकेजनं वाचवलं, दुसऱ्याला बांधलेल्या भावानं.

पण पॅकेज खाटेला बांधलेलं आहे. नुसतं ओपीडीत दाखवून घरी जाणाऱ्या माणसासाठी ते नाही. आयुष्मानमध्ये सुट्टीनंतर 15 दिवसांपर्यंतचा औषधोपचार धरला आहे, पुढं रुग्णाचं रुग्णानं बघायचं. आजींची गोष्ट नेमकी इथं अडली. खाटेवर होत्या तोवर वाफ योजनेत होती. खाट सुटली आणि तेच मशीन खिशातून आलं, पंधरा दिवसांनंतर तेच औषधही. मला हे फार खटकतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं घरी औषधाची वाफ घेतली तर अशा रुग्णाला पुन्हा भरती व्हायची वेळ कमी येऊ शकते. भरतीचे हजारो रुपये योजना देते, ती टाळू शकणाऱ्या मशीनचे देत नाही. शुगरवाल्यांचं याहून अवघड. मशीन एकदाच घ्यावं लागतं, पट्ट्या कायमच्या. पट्टी 20 रुपयांची धरा, रोज एक लागली तर महिन्याला 600. ऊस तोडायला सहा महिने बाहेर जाणारा माणूस हा खर्च कुठून काढणार? तो तपासणंच सोडून देतो.

ओपीडीतही पैसे भरणारी सोय आहे, पण थोड्यांसाठी. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत 21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगारांना ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा आहे. तिच्यात ओपीडी येते, कुटुंबही येतं. शेतमजुराला असं काही नाही.

म्हाताऱ्यांसाठी दोन योजना आहेत आणि त्यांच्यातही लोक गफलत करतात. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत 60 च्या पुढच्या गरीब माणसांना वस्तूच मिळते: काठी, कुबड्या, कानाचं मशीन, चष्मा. शिबिरात तपासून, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यामार्फत. राज्याच्या 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत मात्र पैसे मिळतात. वय 65 पूर्ण आणि घरचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर 3,000 रुपये एकदाच, थेट बँक खात्यात. त्यातून चष्मा, कानाचं मशीन, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा असं घेता येतं. वाफेचं आणि शुगरचं मशीन त्या यादीत नाही.

आता दोन्ही बाजू एका वस्तूवर ठेवून बघा. वाफेच्या मशीनच्या भावाला लगाम बसला, पण ओपीडीतल्या गरिबाला त्याचे पैसे देणारं कुणी नाही. कानाच्या मशीनला 3,000 मिळतात, पण ते 2021 च्या पाचांत नव्हतं आणि बरं डिजिटल मशीन दहा हजारांच्या पुढं जातं. घरी वापरायच्या या वस्तूंत जिथं भाव धरला तिथं मदत नाही, जिथं मदत आहे तिथं भाव मोकळा. एकाच वस्तूवर दोन्ही यायला हवं, असं मला या काउंटरमागं उभं राहून रोज वाटतं.

तोवर कोणती तक्रार कुठं करायची एवढं तरी ध्यानात राहू द्या. एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर तो भावाचा प्रश्न, एनपीपीएचा नंबर 1800 111 255. योजनेत भरती असताना बाहेरून काही आणायला लावलं तर तो पैशाचा प्रश्न, आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला गाठा, नाहीतर 155388 किंवा 14555. दोन्हीकडं पक्कं बिल लागतं. मुख्यमंत्री वयोश्रीचे 3,000 खात्यात आल्यावर तर 30 दिवसांत खरेदीचं बिल द्यावंच लागतं. नाव आणि तारीख नसलेली कच्ची चिठ्ठी तिथं चालत नाही, म्हणून दुकानातून निघायच्या आधी बिल मागून घ्या.