आई-बाबांसाठी कमी खर्चातला डेस्कटॉप: ऑर्डर देण्याआधी वाचा

आमच्या दुकानात असेंबल होणाऱ्या डेस्कटॉपचे पैसे बरेचदा मुंबई-पुण्याहून किंवा आखातातून येतात आणि मशीन जातं रत्नागिरीच्या आसपासच्या एखाद्या गावात, माजघरातल्या नाहीतर पडवीतल्या टेबलावर. ऑर्डर देणारा एक, वापरणारे दुसरे. त्यामुळे मोबाइलवर येणाऱ्या यादीत जोरदार प्रोसेसर असतो, काचेचं कॅबिनेट असतं, रंगीत दिव्यांचे पंखे असतात. मोठा स्क्रीन, यूपीएस आणि कॅमेरा यांच्यापुढे मात्र ‘बजेटमध्ये बसलं तर’ असं लिहिलेलं असतं. आम्ही ती यादी उलटी करायला सांगतो. का, ते पुढे दिलं आहे.

डेस्कटॉप हवाच का?

आई-बाबांचं सगळं व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब आणि नातवंडांच्या व्हिडिओ कॉलवर भागत असेल तर घेऊ नका. त्यापेक्षा कमी पैशांत बरा फोन येतो. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठीही संगणक लागत नाही. जीवन प्रमाणचा दाखला आता अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवून काढता येतो, त्यामुळे अंगठ्याचं यंत्र मागायला येणाऱ्या पेन्शनरांना आम्ही आधी हेच सांगतो.

देवस्थानचे हिशेब, आयकराचं रिटर्न, सातबारा काढणं, बँकेचं स्टेटमेंट ओळ न ओळ तपासणं, गावाचा किंवा घराण्याचा इतिहास लिहून काढणं, अशी बसून करायची कामं असतील तर डेस्कटॉपसारखी सोय नाही. लॅपटॉपपेक्षा त्याचा स्क्रीन मोठा असतो, बिघडला तर एकेक भाग बदलता येतो, आणि त्याला ठरलेली जागा असते. ही शेवटची गोष्ट वयस्कर माणसांच्या बाबतीत फार महत्त्वाची.

घरी जुना डेस्कटॉप असेल तर आधी तो दाखवायला आणा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढे चालतं, शिवाय मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तेवढं असेल तर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि थोडी रॅम टाकली की काम होतं, नवीन काही घ्यायचं कारण नाही. त्याहून जुन्या मशीनवर विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट बसवून देतो. ते फुकट आहे, आणि ब्राउझर, हिशेब, पत्रं एवढंच काम असणाऱ्याला त्यात काही अडत नाही.

प्रोसेसरवर थोडं कमीच बोलू

या कामांना इंटेल आय-३ १२१०० किंवा रायझन ५ ५६००जी पुरून उरतो. पहिल्यात ४ कोअर, दुसऱ्यात ६. दोन्हींत ग्राफिक्स आतच असतं, म्हणजे वेगळं कार्ड घ्यावं लागत नाही. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ १२१००एफ, तर तो थोडा स्वस्त दिसतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येत नाही. इंटरनेटवरून सुटे भाग मागवणारे इथेच फसतात.

दुसरा सापळा ‘आय-७ डेस्कटॉप, सगळ्यासकट अमुक रुपयांत’ अशा जाहिरातींचा. आय-७ खरा असतो, पण कुठल्या पिढीचा? क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे झाका, उरतात ती पिढी: ३७७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी. तिसरी पिढी २०१२ सालची. त्यासोबत येणारा बिननावाचा मदरबोर्ड नवा असला तरी प्रोसेसर कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला असतो. असा आय-७ आजच्या आय-३ च्या मागे पडतो, वीज जास्त खातो, आणि विंडोज ११ च्या यादीत बसत नाही.

रॅम ८ जीबी चालते, १६ असेल तर पुढची काही वर्षं बघायला नको. ८ ची एकच पट्टी लावून दुसरी खाच मोकळी ठेवा, पुढे वाढवता येते. एसएसडी ५१२ जीबीची, एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकारची घ्या. फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, साधी एनव्हीएमई त्याच्या वीसपट. मशीन ‘फास्ट’ वाटतं ते मुख्यतः यामुळे. २०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडीचे भाव जोरात चढले, म्हणून या पत्रकात आम्ही किमती छापलेल्या नाहीत. कोटेशन त्याच दिवसापुरतं धरावं.

स्क्रीन: इथे पैसे काढू नका

सर्वांत कमी बोलणी होतात ती मॉनिटरबद्दल, आणि आई-बाबा दिवसभर बघतात तो मॉनिटरच. १९ इंची घेऊन आठशे-हजार वाचवण्यात अर्थ नाही. निदान २४ इंची, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिलं तरी चित्र नीट दिसतं), चकाकी नसलेला घ्या. खिशाला झेपलं तर २७ इंची, पण रिझोल्यूशन १९२० बाय १०८० चंच. मोठ्या स्क्रीनवर तेवढेच ठिपके पसरतात आणि जवळून पाहिलं तर अक्षराची कड किंचित खडबडीत दिसते. डिझाइन करणारे याला नाक मुरडतात. साठी उलटलेल्या डोळ्यांना मात्र आयतं मोठं अक्षर मिळतं, सेटिंगमध्ये काही न करता. त्यावर विंडोजमध्ये स्केल १२५ टक्के ठेवून देतो, माउसचा बाण मोठा करतो, डबल क्लिकचा वेग कमी करतो. डबल क्लिक जमतच नसेल तर एका क्लिकवर फाइल उघडेल असंही करता येतं, आणि बोटं थरथरणाऱ्यांना त्याचा मोठा आधार होतो.

आता उंची. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी असं सगळीकडे सांगतात. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्याला हा नियम बाधतो. जवळचं दिसतं ते काचेच्या खालच्या भागातून, त्यामुळे मॉनिटर उंच असला की माणूस हनुवटी वर करून बसतो आणि आठवड्यात मान धरते. अशांचा मॉनिटर खाली, किंचित मागे झुकलेला हवा. जुन्या डिक्शनऱ्यांवर मॉनिटर चढवलेला दिसला तर आमचा माणूस त्या आधी काढतो.

कीबोर्ड वायरचा आणि मोठ्या अक्षरांचा घ्या. मराठी टायपिंगला दोन वाटा आहेत. नोकरीत देवनागरी टाइप केलेल्यांसाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची ठरलेली बटणमांडणी, त्यासाठी बटणांवर अक्षरांचे स्टिकर लावून देतो. बाकीच्यांसाठी विंडोजमधलाच मराठी फोनेटिक, म्हणजे इंग्रजी बटणांनी ‘घर’ लिहायचं. पत्रं लिहिणाऱ्या आज्यांना तिसरी वाट जास्त आवडते: गूगल डॉक्समध्ये बोलायचं आणि ते उमटलं की विरामचिन्हं घालायची.

वीज आणि अर्थिंग

कोकणात मशीन म्हातारं होऊन मरत नाही, विजेने मरतं. म्हणून बजेटमधला चांगला भाग इथे ठेवा.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा, नावाजलेल्या कंपनीचा, ४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्क्याचा घ्या. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा एसएमपीएस आम्ही लावत नाही, आग्रह केला तरी नाही. मशीनला एवढे वॅट लागतात म्हणून हा घ्यायचा नसतो. मॉनिटर धरून साध्या कामाला साठ वॅटच्या आसपास खर्च होतात. रोज चार तास वापरलं तर महिन्याला सात-आठ युनिट. पण कमी-जास्त दाब सोसायची ताकद चांगल्या एसएमपीएसमध्येच असते.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरे. नव्या बॅटरीवर वीस मिनिटं तरी सहज मिळतात, तेवढ्यात फाइल सेव्ह करून बंद करता येतं. इंटरनेटचा मॉडेमही त्यालाच जोडा. लेझर प्रिंटर मात्र कधीही जोडू नका, तो तापताना शेकडो वॅट ओढतो. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. तेव्हा यूपीएस फेकू नका, बॅटरी बदला. घरी इन्व्हर्टर असेल आणि लाइट गेल्यावर मशीन रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते आधी पाहा. बऱ्याच घरांत तेवढ्यावरच काम भागतं.

‘कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात’ अशी तक्रार आली की आम्ही मशीन न उघडता प्लगपॉइंट तपासतो. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे, अर्थिंग नसेल तर, पत्र्यावर निम्म्या दाबाइतकं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट नगण्य असतो, पण आईने एकदा चटका खाल्ला की ती पुन्हा त्या मशीनजवळ जात नाही. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणं हे याचं नेहमीचं कारण. दुसरं कारण इथल्या मातीचं: जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात पार वाळतो आणि निकामी होतो. चैत्र-वैशाखात त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. आमचा माणूस बसवायला येतो तेव्हा मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजतो. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरमनला बोलवा, मशीन नंतर जोडू.

मे अखेरचा वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन वेळा विजा कडाडतात. स्पाइक गार्डने वीज अडत नाही. ढग दाटले की प्लग भिंतीतून काढायचा आणि मशीनच्या मागची लॅन केबलही काढायची. इंटरनेट फायबरवर असलं तरी मॉडेमपासून मशीनपर्यंतची तार तांब्याची असते, आणि जळालेल्या मशीनमध्ये आधी गेलेला असतो तो लॅन पोर्ट.

दमट हवा आणि पाली

एसएमपीएस उबदार असतो, म्हणून पाली आत जातात आणि स्वतःसकट बोर्ड घालवतात. आम्ही मागच्या रिकाम्या खाचांना पट्ट्या आणि पंख्याच्या भोकांना जाळी लावतो. मशीन जमिनीवर ठेवू नका, पावसाळ्यात लादीला घाम येतो. प्लॅस्टिकचं कव्हर मशीन गार झाल्यावरच घाला, आणि आषाढ-श्रावणात काम असो-नसो, रोज अर्धा तास चालू ठेवा.

यादीत विसरतं ते

डेस्कटॉपला कॅमेरा, माइक, स्पीकर यांपैकी काही नसतं. लॅपटॉप वापरणाऱ्या मुलांच्या हे लक्षातच येत नाही, आणि पहिल्याच रविवारी नातवाला आजी दिसत नाही. माइकसहित यूएसबी वेबकॅम आणि दोन वेगळे स्पीकर यादीत धरा. मॉनिटरच्या पोटातल्या स्पीकरचा आवाज वयस्कर कानांना पुरत नाही.

साध्या मदरबोर्डवर वायफायही नसतं. डोंगल मिळतो, पण जांभ्याच्या जाड भिंतीतून सिग्नल जेमतेम जातो. मॉडेम मशीनच्याच खोलीत घ्या किंवा एकदाची लॅन केबल ओढून घ्या.

विंडोज, पासवर्ड आणि लबाड

क्रॅक केलेलं विंडोज आम्ही टाकत नाही. ज्या मशीनवर आईचं पेन्शन खातं उघडणार, त्यात कुणीतरी कुलूप तोडून दिलेलं सॉफ्टवेअर नको. लायसन्सचे पैसे जड वाटत असतील तर वर सांगितलेलं मिंट आहेच.

आई-बाबांचं खातं साधं ठेवतो आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड पाकिटात घालून तुम्हाला देतो. चुकून काही इन्स्टॉल होण्याचं प्रमाण त्याने खूप घटतं. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकतो आणि वेबसाइटच्या ‘नोटिफिकेशन’ बंद करतो. कोपऱ्यात येणारे ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ हे निरोप बहुतेक वेळा तिथूनच येतात.

लांबून मदत करायला विंडोजमधलं क्विक असिस्ट बरं: तुम्ही सहा अक्षरांचा कोड द्यायचा, त्यांनी तो टाकायचा. पण हीच युक्ती चोरही वापरतात. घरात एक नियम ठरवा: स्क्रीन दाखवायची ती आपण स्वतः फोन लावला असेल तरच. समोरून फोन आला तर नाही, मग तो बँकेचा म्हणो, पोलिसांचा म्हणो किंवा आमच्या दुकानाचा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधी नसतो. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. हा नंबर आम्ही मॉनिटरच्या कडेला चिकटवून देतो.

बिल, वॉरंटी आणि जुनं मशीन

बिलात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी आणि त्या त्या कंपनीची असते, म्हणून बिलावर सगळे सीरियल नंबर लिहितो. खोकी वर्षभर माळ्यावर राहू द्या. तुम्ही बाहेरून आणलेले भाग जोडून देतो, मजुरी घेतो, पण त्यांच्या वॉरंटीसाठी धावपळ तुमची.

ऑर्डरच्या वेळी आम्हाला भागांची यादी पाठवू नका. आई-बाबा काय काम करणार, चष्मा कसला, टेबल कुठे आणि घरात इन्व्हर्टर आहे का, एवढं कळवा. शक्य असेल तर आम्हाला थेट त्यांच्याशी बोलू द्या. जुनं मशीन बदल्यात घेतलं तर त्यातले फोटो आणि कागदपत्रं नव्यात उतरवून देतो, आणि जुनी हार्ड डिस्क काढून तुमच्याच हातात देतो.