गुडघ्याच्या कूर्चेवरील नव्या शस्त्रक्रियांची चाचणी

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेला इजा झाल्यावर ती भरून काढण्यासाठी एखादी नवी शस्त्रक्रिया पुढे येते, तेव्हा ती प्रचलित उपचारापेक्षा खरोखर सरस आहे का, सुरक्षित आहे का आणि तिचा गुण किती वर्षे टिकतो, हे रुग्णांवर पद्धतशीरपणे पडताळून पाहण्याच्या प्रक्रियेचा विचार या नोंदीत केला आहे. कूर्चेलाच कास्थी असेही म्हणतात. बोलण्यात मात्र ‘गुडघ्याची गादी झिजली’ किंवा ‘वंगण संपले’ असे शब्द येतात. येथे वार्धक्यात सगळा सांधा झिजणे अभिप्रेत नाही. खेळताना, पडल्यामुळे किंवा अपघातात कूर्चेचा एखादा तुकडा निघून तेवढ्याच जागी खड्डा पडतो, ती मर्यादित इजा अभिप्रेत आहे, आणि असे रुग्ण बहुधा तरुण किंवा मध्यमवयीन असतात. कृत्रिम सांधा बसवण्याइतके त्यांचे वय झालेले नसते, आणि दुखणे मात्र पुढची कित्येक वर्षे सोबत राहणार असते. या शस्त्रक्रियांची निकड त्यामुळेच मोठी आहे.

निरोगी कूर्चा पांढरी, चकचकीत आणि अत्यंत गुळगुळीत असते. गुडघ्यात तिची जाडी बहुतेक ठिकाणी 2 ते 4 मिमी असते आणि वाटीच्या मागच्या बाजूला ती याहून जाड असते. तिच्या वजनाचा मोठा भाग पाण्याचा असून, कोलॅजन या प्रथिनाच्या दुसऱ्या प्रकाराचे तंतू आणि त्यांत अडकलेले प्रोटिओग्लायकन नावाचे मोठे रेणू हे पाणी धरून ठेवतात, त्यामुळे पाऊल टाकताना येणारा दाब ती सहन करते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि चेतातंतूही नाहीत. त्वचेला जखम झाली की रक्त येते, गाठ धरते आणि पेशी धावून येतात. कूर्चेत यातले काहीच घडत नाही. लंडनमधील शल्यविशारद विल्यम हंटर यांनी 1743 साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात, कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा येत नाही, असे नोंदवले होते. पुढच्या सगळ्या शस्त्रक्रिया म्हणजे या निरीक्षणाला शोधलेली उत्तरे आहेत.

त्यांपैकी सर्वांत साधी आणि आजही तुलनेसाठी वापरली जाणारी पद्धत म्हणजे मायक्रोफ्रॅक्चर. अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी 1980 च्या दशकात ती रूढ केली. दुर्बिणीतून खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या तासून घेतल्यावर मोच्याच्या आरीसारख्या टोकदार अवजाराने तळाच्या हाडाला 3 ते 4 मिमी अंतरावर बारीक भोके पाडतात. सांध्यात सोडलेल्या पाण्याचा दाब कमी केला की त्या भोकांतून रक्त आणि चरबीचे थेंब झिरपताना पडद्यावर दिसतात, आणि हाडातील मज्जेपर्यंत पोचल्याची ती खूण मानली जाते. या रक्ताची गाठ खड्ड्यात बसते व तिच्यातून नवी ऊती तयार होते. ही ऊती प्रामुख्याने तंतुमय असते. मूळ कूर्चेसारखी ती नसते आणि घर्षणाला तितकी टिकत नाही. दुसरी पद्धत मोझेइकप्लास्टीची. 1990 च्या दशकात हंगेरीचे लास्लो हँगोडी यांनी पुढे आणलेल्या या पद्धतीत, गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या भागातून हाडासह कूर्चेच्या लहान दंडगोल कांड्या काढून त्या खड्ड्यात फरशीचे तुकडे बसवावेत तशा बसवतात. तिसरी पद्धत स्वतःच्याच कूर्चापेशींच्या रोपणाची. एका शस्त्रक्रियेत कूर्चेचा छोटा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात सोडायच्या, असा तिचा क्रम आहे.

पेशीरोपणाची पहिली मानवी शस्त्रक्रिया स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे 1987 साली झाली. मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये 23 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील इजा असलेल्या 16 जणांपैकी 14 जणांना चांगला किंवा उत्तम गुण आला होता, तर वाटीवर उपचार झालेल्या 7 जणांपैकी केवळ दोघांना. या निबंधाने जगभर आशा निर्माण केली, आणि ती खोटी नव्हती. परंतु त्यात तुलनागट नव्हता. शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, महिनोन्महिने केलेला व्यायाम, काही दुखण्यांचा आपोआप कमी होण्याचा स्वभाव आणि आपल्यावर काहीतरी नवे केले आहे हा रुग्णाचा विश्वास, या सगळ्यांचा वाटा अशा मालिकेत उपचाराच्याच खात्यावर जमा होतो. नवी पद्धत कशाच्या तुलनेत चांगली, या प्रश्नाचे उत्तर फक्त चिठ्ठी टाकून केलेल्या वाटणीतून, म्हणजे यादृच्छिक चाचणीतूनच मिळू शकते.

अशी एक चाचणी नॉर्वेत झाली आणि या क्षेत्रात तिचे महत्त्व फार मोठे आहे. गुनार क्नुटसेन आणि सहकाऱ्यांनी 80 रुग्णांची समान विभागणी करून 40 जणांवर पेशीरोपण आणि 40 जणांवर मायक्रोफ्रॅक्चर केले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत सुधारणा दिसली. शारीरिक क्षमतेच्या एका मापनावर तर साध्या मायक्रोफ्रॅक्चरचा गट पुढे होता. पाच वर्षांनी प्रत्येक गटातील 23 टक्के शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्या होत्या. पुढे 2016 मध्ये 15 वर्षांचे निष्कर्ष आले, तेव्हाही दोन पद्धतींत निर्णायक फरक आढळला नाही: पेशीरोपणाच्या गटात 17 आणि मायक्रोफ्रॅक्चरच्या गटात 13 जणांची शस्त्रक्रिया अयशस्वी झाली होती, आणि उरलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या क्ष-किरण चित्रांत सांधा झिजू लागल्याच्या खुणा होत्या. इतकी वर्षे रुग्णांशी संपर्क ठेवून, आपल्याच पद्धतीला अनुकूल नसलेले आकडेही जसेच्या तसे प्रसिद्ध करण्याचे हे काम मनापासून आदर वाटावा असे आहे.

याच चाचणीने आणखी एक अवघड प्रश्न पुढे आणला. दोन वर्षांनी शक्य त्या रुग्णांच्या गुडघ्यात दुर्बीण घालून नव्या ऊतीचा सुईएवढा बारीक नमुना काढण्यात आला. असा नमुना पातळ कापून सॅफ्रॅनिन-ओ या रंगात बुडवला की प्रोटिओग्लायकनने भरलेली कूर्चा गडद तांबडी दिसते आणि तंतुमय ऊती फिकी राहते. ध्रुवीकृत प्रकाशात तंतूंची मांडणीही उलगडते. नमुना चांगला म्हणजे रुग्णही बरा, असे सरळ गणित अपेक्षित होते. प्रत्यक्षात त्या टप्प्यावर ऊतीचा दर्जा आणि रुग्णाला वाटणारा आराम यांचा मेळ बसला नाही. मात्र दोन वर्षांनी ज्यांची ऊती सर्वोत्तम होती, त्यांच्यापैकी एकाचीही शस्त्रक्रिया पाच वर्षांपर्यंत अयशस्वी झाली नाही. ऊतीचा दर्जा आजच्या वेदनेविषयी फारसे सांगत नसला, तरी उद्याच्या टिकाऊपणाविषयी सांगत असावा, असा त्याचा अर्थ लावता येतो.

पुढे पेशी पातळ कोलॅजन पटलावर वाढवून ते पटलच खड्ड्यात चिकटवण्याची ‘मॅसी’ पद्धत आली. तिची 144 रुग्णांवरील चाचणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. 3 चौ. सेंमी किंवा त्याहून मोठ्या खड्ड्यांत दोन वर्षांनी वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत मॅसीचा गट मायक्रोफ्रॅक्चरपेक्षा सरस ठरला. एमआरआय आणि ऊतीपरीक्षणात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. येथे खड्ड्याचा आकार लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण मायक्रोफ्रॅक्चर लहान इजेतच अधिक चांगले चालते. ज्या इजेत जुनी पद्धत मुळातच तोकडी पडते, ती निवडली की नवी पद्धत उजवी ठरण्याची शक्यता वाढते. हा दोष नसून निवड आहे. पण निष्कर्ष वाचणाऱ्याने ती ध्यानात ठेवली पाहिजे.

तुलनेचा उपचार बदलला की निकालही बदलतो. जॉर्ज बेंटली यांच्या गटाने लंडनमध्ये 100 रुग्णांत पेशीरोपण आणि मोझेइकप्लास्टी यांची तुलना केली. दहा वर्षांनंतर मोझेइकप्लास्टीच्या 55 टक्के आणि पेशीरोपणाच्या 17 टक्के शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्या होत्या. कूर्चेच्या शस्त्रक्रियेत दोन वर्षांचा पाठपुरावा म्हणजे केवळ सुरुवात असते, असे या क्षेत्रातील जाणकार म्हणतात, ते अशा आकड्यांमुळेच.

गोळीच्या चाचणीत खरी आणि खोटी गोळी दिसायला सारखी करता येते. शस्त्रक्रियेत ते फार कठीण जाते. पेशीरोपणासाठी दोनदा शस्त्रक्रिया होते आणि मूळ पद्धतीत मोठा छेद द्यावा लागतो, तर मायक्रोफ्रॅक्चर एकाच बैठकीत दुर्बिणीतून उरकते. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला व्रणावरूनच कळते. तरीही लटक्या शस्त्रक्रियेशी तुलना अशक्य नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ब्रूस मोझली यांनी झिजलेल्या गुडघ्यांच्या 180 रुग्णांवर तशी चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियागृहात बंद पाकीट उघडून गट ठरत असे. लटक्या गटातील रुग्णांच्या गुडघ्यावर त्वचेपुरते तीन छोटे छेद दिले जात, शल्यविशारद नेहमीप्रमाणे अवजारे मागत, आणि सांधा धुतल्याचा भास व्हावा म्हणून पाण्याचा आवाजही केला जाई. दुर्बिणीतून सांधा धुतलेल्या किंवा साफ केलेल्या रुग्णांना दोन वर्षांत कोणत्याही टप्प्यावर लटक्या गटापेक्षा अधिक आराम मिळाला नाही. ही चाचणी झिजेच्या आजारावरची असली, तरी शस्त्रक्रियेनंतर बरे वाटणे आणि शस्त्रक्रियेमुळे बरे वाटणे यांतला फरक तिने जितका स्पष्ट केला तितका क्वचितच दुसऱ्या कोणी केला असेल. जेथे लटकी शस्त्रक्रिया नैतिकदृष्ट्या योग्य नसते, तेथे निदान मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञाला गट कळू नये म्हणून गुडघा झाकून तपासणी करतात.

माणसांवर प्रयोग करण्यापूर्वी प्राण्यांवरील अभ्यास होतात. सशाची कूर्चा फारच पातळ असते आणि तिच्यात स्वतःहून भरून येण्याची क्षमता अधिक असते, म्हणून सशातील यशावरून माणसाविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरते. शेळी व मेंढी त्या मानाने बऱ्या. कूर्चेच्या जाडीत घोडा माणसाच्या सर्वांत जवळ येतो.

चाचणीत कोणाला घ्यावे, हा पुढचा पेच आहे. पाय वाकडा नसावा, लिगामेंट (सांध्यातील हाडे जोडणारे बंध) शाबूत असावेत, समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठांवर इजा नसावी, वजन फार नसावे, अशा अटींमुळे तुलना स्वच्छ होते, पण दवाखान्यात येणारा माणूस तसा क्वचितच असतो. अमेरिकेत दुर्बिणीतून तपासलेल्या 31,516 गुडघ्यांच्या पाहणीत 63 टक्के गुडघ्यांत कूर्चेची काही ना काही इजा आढळली होती. दुसरीकडे, नॉर्वेतील एका अभ्यासात कूर्चेच्या इजेसाठी पाठवलेल्या रुग्णांपैकी जेमतेम 4 टक्के रुग्ण प्रसिद्ध चाचण्यांच्या अटींत बसत होते.

वाढवलेल्या पेशी कायद्याच्या दृष्टीने औषधासारख्या मानल्या जातात, त्यामुळे त्यांना नियामकांची मान्यता लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कार्टिसेल या पेशीरोपणाच्या उत्पादनाला 1997 मध्ये आणि मॅसीला डिसेंबर 2016 मध्ये परवानगी दिली. कोणते उपचार द्यावेत याविषयी सल्ला देणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने 2005 मध्ये पेशीरोपण केवळ संशोधनापुरते ठेवण्याचा सल्ला दिला होता. पुढे 2017 मध्ये, खड्डा 2 चौ. सेंमीपेक्षा मोठा असेल, कूर्चेवर आधी शस्त्रक्रिया झालेली नसेल आणि सांधा फारसा झिजलेला नसेल, तर तज्ज्ञ केंद्रात पेशीरोपण करण्याची शिफारस तिने केली. मान्यता म्हणजे बाजारातील स्थैर्य नव्हे: युरोपात 2009 मध्ये मान्यता मिळालेले काँड्रोसिलेक्ट हे पेशीरोपणाचे उत्पादन 2016 मध्ये मागे घेतले गेले. भारतात अशा चाचण्या ‘नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, 2019’ यांखाली येतात. त्यांना नैतिकता समितीची संमती लागते, चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे, आणि जून 2009 पासून राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत आगाऊ नोंद करणे सक्तीचे आहे. आगाऊ नोंदीमुळे, निकाल आल्यावर सोयीचे मापन पुढे करण्याला आळा बसतो.

यश मोजण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी साधने म्हणजे रुग्णाने स्वतः भरायच्या प्रश्नावल्या. स्वीडनच्या इवा रूस आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या केओओएस या प्रश्नावलीत 42 प्रश्न असून ते वेदना, इतर लक्षणे, रोजची कामे, खेळ आणि जीवनमान अशा पाच भागांत विभागले आहेत. प्रत्येक भागाला 0 ते 100 गुण असतात आणि साधारण 8 ते 10 गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. जिना उतरणे, मोटारीत बसणे, मोजे चढवणे, बाथटबमध्ये शिरणे यांविषयी त्यात विचारले आहे. उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे हेही आहे. मांडी घालून बसण्याविषयी मात्र त्यात प्रश्न नाही. जमिनीवर पंगतीला किंवा पूजेला बसणाऱ्या, शेतात बसून खुरपणी करणाऱ्या माणसाला ‘गुडघा बरा झाला’ म्हणजे काय हे ज्या हालचालीवरून कळते, तीच येथे मोजली जात नाही. म्हणून अशी प्रश्नावली मराठीत आणताना शब्दांतर पुरेसे नसते: भाषांतर पुन्हा मूळ भाषेत करून ताडावे लागते, रुग्णांकडून भरून घेऊन तपासावे लागते, आणि मांडी घालून बसता येते का, त्या स्थितीतून हात न टेकता उठता येते का, याची नोंद शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर वेगळी ठेवावी लागते.