पार्श्वभूमी: ट्रान्झिस्टर कुणाचा?

अभियंत्याने चमूत काम करावे की एकट्याने, हा वाद मला नेहमी श्रेयाच्या प्रश्नापाशी आणून सोडतो. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर, म्हणजे विद्युतसंकेत मोठा करणारा छोटा घन भाग, जन्माला आला. त्या घटनेत हे सगळे दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्हॅक्यूम ट्यूबला, म्हणजे तोवर संकेत मोठे करणाऱ्या काचेच्या निर्वात नळीला, पर्याय शोधायला तिथे भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि सर्किटची जाण असलेले अभियंते मुद्दाम एका गटात आणले होते. विल्यम शॉक्ली त्याच्या प्रमुखांपैकी एक. बाहेरून विद्युतक्षेत्र लावून अर्धवाहकातला प्रवाह नियंत्रित करायचा, ही त्यांची मूळ कल्पना प्रयोगात चालेना. ती का चालत नाही, हे जॉन बार्डीन यांनी उलगडले आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी प्रयोगांनी तपासले. एकाचे गणित, दुसऱ्याचे कसबी हात. प्लॅस्टिकच्या त्रिकोणी ठोकळ्यावर सोन्याचा वर्ख, टोकाशी ब्लेडने दिलेली बारीक चीर आणि जर्मेनियम या अर्धवाहकावर स्प्रिंगने दाबलेली ती दोन टोके: १६ डिसेंबरला या जुळणीने विद्युतसंकेत मोठा करून दाखवला. हाच पहिला ट्रान्झिस्टर.

शॉक्लींना आनंद झाला, पण सलही राहिला. शोधात आपला थेट हात नाही! पेटंटमध्येही त्यांचे नाव आले नाही. कारण त्यांच्या मूळ कल्पनेच्या जवळ जाणारे ज्युलियस लिलियनफेल्ड यांचे पेटंट आधीपासून होते. वर्षअखेरीस शिकागोच्या एका हॉटेलात शॉक्ली पानामागून पान लिहीत बसले. जानेवारी १९४८ मध्ये त्यांना जंक्शन ट्रान्झिस्टरची, म्हणजे अर्धवाहकाचे वेगवेगळे थर जोडून केलेल्या ट्रान्झिस्टरची, रचना सुचली. जर्मेनियमवर टोके टेकवण्याची नाजूक कसरत तिच्यात नव्हती. पण ती त्यांनी बार्डीन आणि ब्रॅटन यांच्यापासून लपवली. फेब्रुवारीत गटातल्या जॉन शाइव्ह यांचा प्रयोग त्याच दिशेने जाताना दिसला, तेव्हा कुठे ती उघड केली.

एकट्याने केलेले ते काम खरोखर थोर होते, हे मान्य करायलाच हवे. मात्र कागदावरची रचना प्रत्यक्षात यायला गॉर्डन टील यांनी वाढवलेले एकसंध स्फटिक आणि मॉर्गन स्पार्क्स यांची मेहनत लागली. टील यांनी तर ते काम सुरुवातीला वरिष्ठांच्या पाठिंब्याशिवाय, रात्री जागून रेटले होते.

गट मात्र फुटला. ब्रॅटन यांनी शॉक्लींच्या हाताखाली काम करायचे नाकारले, बार्डीन १९५१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेले. १९५६ चे नोबेल तिघांना विभागून मिळाले, तोवर शॉक्लींनी कॅलिफोर्नियात स्वतःची प्रयोगशाळा काढली होती. त्यांच्या कारभाराला कंटाळून पुढच्याच वर्षी आठ जण एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभी केली. त्यांतल्या रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली.

त्याच १९५७ मध्ये इलिनॉयला बार्डीन यांनी लिऑन कूपर आणि जॉन श्रिफर या दोन तरुण सहकाऱ्यांसोबत अतिसंवाहकतेचा, म्हणजे अतिथंड पदार्थांतून वीज विनारोध वाहण्याचा, सिद्धान्त मांडला. त्याबद्दल १९७२ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे दुसरे नोबेल मिळाले, तेही पुन्हा तिघांत विभागून. तो सिद्धान्त आजही तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांनी ओळखला जातो: बीसीएस.