नेस्टेड संग्रहातील सदस्यत्व-तपासणी

डेटाबेसमधल्या एखाद्या नोंदीच्या पोटात यादी असते, कधी त्या यादीतही आणखी याद्या असतात. अमुक मूल्य त्यांत आहे का, हे क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसला लिहून केलेल्या प्रश्नातून, विचारणे म्हणजे नेस्टेड संग्रहातील सदस्यत्व-तपासणी.

एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल प्रारूप (माहिती टेबलांत मांडण्याची पद्धत) मांडताना अशा पोटयाद्या काढून त्यांची वेगळी टेबले करायला सांगितले होते. तशी मांडणी असली की एसक्यूएल या क्वेरी-भाषेतले 'इन' (यादीत आहे का) किंवा 'एक्झिस्ट्स' (अशी ओळ आहे का) पुरते. पुढे याद्या पुन्हा कॉलममध्ये शिरल्या. एसक्यूएलच्या १९९९च्या प्रमाणित आवृत्तीत क्रमवार यादी ठेवणारा अ‍ॅरे आला, २००३च्या आवृत्तीत मल्टिसेट (क्रम नसलेला, तेच मूल्य पुन्हा चालणारा संग्रह) आणि त्याच्यासोबत सदस्यत्व तपासणारे 'मेंबर ऑफ'.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दोन अटी एकत्र आल्यावर. समजा, एका विद्यार्थ्याच्या नोंदीत गुणांची यादी आहे: गणित ४५, इतिहास ८२. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये 'विषय गणित' आणि 'गुण ८०पेक्षा जास्त' अशा दोन सुट्या अटी घातल्या, तर हा विद्यार्थी निकालात येतो! पहिली अट एका घटकाने पाळली, दुसरी दुसऱ्याने. दोन्ही अटी एकाच घटकाने पाळायला हव्यात, हे 'एलेममॅच' वापरून स्पष्ट सांगावे लागते. एरर येत नाही, निकालही पटण्यासारखा दिसतो, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते.

कोणत्या पातळीवर शोधायचे, हेही ठरवावे लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसमधला द्विमितीय अ‍ॅरे [[१,२],[३,४]] घ्या. त्यात [२,३] आहे का, असे '@>' या चिन्हाने विचारले तर उत्तर 'हो' येते, कारण तिथे आतल्या कंसांना किंमत नाही, सगळे घटक एकाच रांगेत धरले जातात. हाच मजकूर जेसनबी प्रकारात (जेसन या कंसांच्या मांडणीतली माहिती साठवणाऱ्या) ठेवला तर उत्तर 'नाही', तिथे रचनाही जुळावी लागते.

नकारार्थी तपासणीत 'नल' (मूल्यच नसल्याची खूण) घात करतो. 'नॉट इन'च्या यादीत एकच नल असला तरी एकही ओळ हाती लागत नाही, कारण नलशी केलेली तुलना खरीही नसते, खोटीही नसते. अशा जागी 'नॉट एक्झिस्ट्स' लिहिणेच शहाणपणाचे.

वेग इंडेक्सवर, म्हणजे शोध झटपट व्हावा म्हणून ठेवलेल्या सूचीवर, ठरतो. पोस्टग्रेसमध्ये अ‍ॅरे-कॉलमवरचा जिन नावाचा, यादीतल्या प्रत्येक घटकाची नोंद ठेवणारा इंडेक्स '@>'ला उपयोगी पडतो, त्याच अर्थाच्या '= एनी'ला मात्र नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जेसन यादीसाठी 'मेंबर ऑफ' आणि त्याला लागणारा एका नोंदीतली अनेक मूल्ये धरणारा इंडेक्स दोन्ही ८.०.१७ या आवृत्तीत आले.