वैशाखातला उकाडा आणि आश्विनातले ऊन

जांभळी नाक्याच्या बाजारात दसऱ्यासाठी झेंडू निवडताना कपाळावरचा घाम पदराने टिपत कोणीतरी हमखास म्हणते, ‘पुन्हा मे महिना आला की काय!’ ठाण्यात हे वाक्य दरवर्षी ऐकू येते आणि ते म्हणणाऱ्याचा अनुभव खराच असतो. मात्र आपण ज्याला ऑक्टोबर हीट म्हणतो ती मे महिन्याची पुनरावृत्ती नाही. दोन्हींमध्ये अंगाची लाही लाही होते, दोन्हींमध्ये दुपारी राम मारुती रोड ओस पडतो, पण हा ताप येतो कुठून, घरात शिरतो कसा आणि उतरतो केव्हा, हे पाहिले तर दोन्ही उन्हाळे अगदी निराळे निघतात. हा फरक ओळखला नाही, तर एकाचे उपाय दुसऱ्याला लावले जातात आणि ते लागू पडत नाहीत.

गोंधळ होण्याला कारण आहे. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेची दीर्घकालीन सरासरी पाहिली, तर मे आणि ऑक्टोबर या दोन्ही महिन्यांचे कमाल तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास येते. दिवसाच्या आकड्यावरून दोन्ही महिने ओळखू येणार नाहीत, इतके ते जवळ आहेत. वेगळेपण दिसते ते रात्रीच्या आकड्यात. मेमध्ये किमान तापमान सरासरीने २७ अंशांच्या आसपास राहते, तर ऑक्टोबरमध्ये ते सरासरीने २३-२४ अंशांवर येते आणि महिनाअखेरीस त्याहूनही खाली जाते. म्हणजे मे महिना दिवसा जेवढा तापवतो, तेवढाच रात्री जागवतो. ऑक्टोबर दिवसा भाजून काढतो, पण पहाटे अंगावर चादर ओढायला लावतो. वर्तमानपत्रे रोज कमाल तापमान ठळक छापतात. मला वाटते, आपल्या भागापुरता तरी किमान तापमानाचा आकडा अधिक बोलका आहे, कारण माणसाला विसावा मिळतो की नाही हे त्यावरून कळते.

मेच्या रात्री का तापतात, हे समजणे सोपे आहे. तोवर अरबी समुद्र चांगला तापलेला असतो आणि दिवसभर त्याच्यावरून येणारा वारा भरपूर बाष्प घेऊन येतो. हवेतले हे बाष्प रात्री जमिनीची उष्णता आकाशात सहजी निसटू देत नाही. त्यात घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकष सपाट प्रदेशासाठी ४० अंशांपासून सुरू होतो, पण किनारपट्टीसाठी तो ३७ अंशांवर ठेवलेला आहे, अर्थात तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असले तर. किनाऱ्यावरचे ३७ अंश विदर्भातल्या ३७ अंशांसारखे नसतात. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशीचा पारा नागपूरकराला फारसा वाटला नसता. दमट हवेतला उष्मा कमी आकड्यावरही घातक ठरतो, हे आपण त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

ऑक्टोबरची गोष्ट वाऱ्यापासून सुरू होते. चार महिने नैर्ऋत्येकडून वाहणारा वारा मंदावतो, ढग विरळ होतात आणि सकाळचा वारा पूर्वेकडून, म्हणजे तापू लागलेल्या जमिनीवरून येऊ लागतो. समुद्रावरचा गार वारा एरवी दुपारच्या आधीच आत शिरतो, पण या पूर्वेच्या वाऱ्यामुळे तो अडतो आणि दुपार उलटल्यावर कसाबसा पोहोचतो. ठाण्याच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे. आपल्या आणि समुद्राच्या मध्ये येऊरचे डोंगर उभे आहेत, त्यामुळे वांद्र्याला लागलेली झुळूक घोडबंदर रस्त्यावर येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. हाच पूर्वेचा वारा मार्च-एप्रिलमध्येही वाहतो. म्हणूनच सांताक्रूझचा आजवरचा उच्चांक, १४ एप्रिल १९५२ चा ४२.२ अंशांचा, मेमध्ये न नोंदता एप्रिलमध्ये नोंदला गेला. त्या अर्थी ऑक्टोबरचे नाते मेपेक्षा मार्चशी अधिक जवळचे आहे.

पावसाने आकाश धुऊन काढलेले असते, ही दुसरी बाब. मेमधल्या आकाशात धूळ आणि बाष्पाचा पांढुरका पडदा असतो, ऊन त्यातून गाळून येते आणि सगळीकडून भाजते. आश्विनातले ऊन मात्र स्वच्छ निळ्या आकाशातून थेट येते, म्हणून ते टोचते. सावलीत दोन पावले सरकले की या दिवसांत लगेच बरे वाटते. मेमध्ये सावलीतही तो दिलासा मिळत नाही.

आता घराकडे वळू, कारण या दोन उन्हाळ्यांतला सर्वांत स्पष्ट फरक मला घरातच दिसला. ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १६-१७ मेच्या सुमारास भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी नाहीशी होते. या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचे ऊन आत येतच नाही. ते सगळे गच्चीवर पडते, स्लॅब तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत उष्णता सोडत राहतो. मधल्या ऑक्टोबरमध्ये मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि मध्यान्ही क्षितिजापासून त्याची उंची ६२ अंशांच्या आसपास असते. नौपाड्यातल्या आमच्या दक्षिणमुखी घराला नऊ फूट उंचीच्या छताची गॅलरी आहे. मी एका वर्षी गॅलरीतल्या लाद्यांवर खडूने उन्हाची कड आखून ठेवली होती. मेच्या मध्यावर एकाही लादीवर दुपारचे ऊन नव्हते. कोजागरीच्या आसपास ते जवळजवळ पावणेपाच फूट आत आले, गॅलरी ओलांडून दिवाणखान्याच्या उंबऱ्याला टेकले, आणि आईने तिथली कुंडी मुकाट्याने उचलून आतल्या कोपऱ्यात नेली. ऊन तेच, पण मेमध्ये ते छतावरून घरात येते आणि ऑक्टोबरमध्ये दारातून.

म्हणून दोन्ही वेळी एकच उपाय करून चालत नाही. गच्चीला पांढरा चुना लावणे किंवा वरच्या टाकीवर आच्छादन घालणे याचा खरा उपयोग एप्रिल-मेमध्ये होतो, आणि तो मुख्यतः शेवटच्या मजल्याला होतो. ऑक्टोबरमध्ये दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या गॅलरीला बांबूचा पडदा सोडला, तर दुसऱ्या मजल्यावरचे घरही दोन तासांत निवते. मेमध्ये खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेवाव्यात, कारण वाऱ्याखेरीज दुसरा आधार नसतो. ऑक्टोबरमध्ये मात्र सकाळी दहाच्या सुमारास पूर्वेच्या खिडक्या लावून घ्याव्यात आणि सूर्य मावळल्यावर सगळे घर सताड उघडावे. वाळ्याचा ओला पडदा आपल्या दमट मेमध्ये फारसा गारवा देत नाही, तरी ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी त्याचा थोडाफार उपयोग होतो.

स्वयंपाकघराला हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर वाळवणे पडतात. पापड, कुरडया, सांडगे, मसाल्याच्या मिरच्या, वर्षाच्या बेगमीचे धान्य असे सगळे तिथे असते. दिवस जवळजवळ १३ तासांचा असतो आणि पाऊस दूर असतो, त्यामुळे साडीवर घातलेली कुरडई निश्चिंतपणे खडखडीत वाळते. आश्विनातले ऊन नवे काही वाळवण्यासाठी वापरत नाहीत, ते जुन्याला दाखवण्यासाठी असते. चार महिन्यांच्या ओलीने कुबटलेल्या गाद्या, गोधड्या, शालू, पुस्तके, बुरशी धरू लागलेले पट्टे आणि चपला, या सगळ्यांना दसऱ्याच्या साफसफाईत ऊन दाखवले जाते. दिवस तोवर १२ तासांच्या आत आलेला असतो, सकाळी गच्चीची फरशी दवाने ओलसर असते आणि संध्याकाळी आभाळाचा भरवसा नसतो. आमच्या शेजारच्या काकूंनी एका वर्षी स्वस्त मिळाल्या म्हणून पाच किलो बेडगी मिरच्या दसऱ्याआधी गच्चीवर पसरल्या. तिसऱ्या दिवशी चार वाजता पूर्वेकडे कल्याणच्या दिशेने आभाळ काळे झाले आणि जिना चढेपर्यंत मिरच्या पाण्यावर तरंगत होत्या. काकू एवढेच म्हणाल्या, ‘मी उन्हाकडे पाहिलं गं, महिन्याकडे पाहिलंच नाही.’

हा गडगडाटी पाऊसही गोंधळ वाढवतो, कारण वळीव आणि परतीचा पाऊस दोन्ही दुपारनंतर विजांसह येतात. वळीव तापलेल्या जमिनीवर पडतो आणि मोसमी पावसाची वर्दी देतो. हवामान खात्याच्या सरासरीनुसार मुंबईत हा पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परत फिरतो. परतीचा पाऊस आधीच ओल्या असलेल्या जमिनीवर पडतो, म्हणून तो मुरबाड-शहापूरच्या कापणीला आलेल्या भाताला आडवा करतो. शहरात आपल्याला फक्त छत्री विसरल्याचे दुःख होते. पाण्याचा हिशेबही उलटा असतो. मेमध्ये भातसा, बारवी, मोरबे ही धरणे तळाकडे निघालेली असतात आणि नळाच्या वेळा कमी होतात. ऑक्टोबरमध्ये धरणे भरलेली असतात आणि उकाडा कितीही असला तरी दोनदा आंघोळ करायला मन कचरत नाही.

शरीराच्या बाजूने पाहिले, तर मला ऑक्टोबर अधिक कपटी वाटतो. मेचा उन्हाळा फेब्रुवारीपासून पायरी पायरीने चढत येतो, त्यामुळे शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. ऑक्टोबरचा उन्हाळा ऑगस्टच्या तीस अंशांच्या कुंद, ढगाळ दिवसांनंतर आठ-दहा दिवसांत येऊन पडतो. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि नेमके तेवढे दिवस डोकेदुखी, पित्त, थकवा यांच्या तक्रारी वाढतात. आयुर्वेदात शरद ऋतू पित्तप्रकोपाचा मानला आहे. कोजागरीच्या आटीव दुधाचा संबंध अनेक जण त्याच्याशीच जोडतात. दुपारी तापलेले आणि पहाटे गारठलेले अंग सर्दी-तापाला सोपे जाते, ही आणखी एक भर. ‘मे सोसला, हे काय’ असे म्हणून ऑक्टोबरमध्ये पाणी कमी पिणारी माणसे मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

झाडांची साक्ष थोडक्यात सांगतो. मेमध्ये बहावा आणि गुलमोहर डोळ्यांना दिसतात. ऑक्टोबरमध्ये रस्त्याकडेची सातवीण रात्री नाकाला कळते. तिचा जड, उग्र वास ज्या रात्री खिडकीतून पहिल्यांदा आत येतो, त्या रात्री मी ऑक्टोबरचा उन्हाळा सुरू झाला असे धरतो.

संपण्याची रीत दोघांची सारखी नाही. मेचा उकाडा शेवटपर्यंत चढत जातो आणि एका दिवशी पावसाने तुटतो. ऑक्टोबरचा उकाडा तुटत नाही, तो पहाटेच्या बाजूने झिजतो. दुपार तेवढीच कडक राहते, पण मासुंदा तलावाभोवती चालायला येणाऱ्यांच्या अंगावर आधी ओढणी येते, मग एखादा स्वेटर. आमच्या घरी पहाटे चारच्या सुमारास आई अंधारातच उठते आणि पंखा पाचवरून तीनवर आणते. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपर्यंत तो एकवर आलेला असतो.